आवाजाची बंदूक

आमच्या धाकट्या दिरांना पोलीस घेऊन गेले, त्याआधी दिरांनी पोलिसांना चहा विचारला होता. दूध घालून की सुलेमानी, असंही विचारलं होतं. ही बातमी मला त्यांच्या कंपनीतल्या मल्याळी स्टोअरकीपरनं फोनवर दिली, आणि त्याला अजून वाटत होतं की थोड्या वेळात सगळं मिटेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. आमचे भाऊजी आणि गुन्हा हे दोन शब्द एका वाक्यात बसवायला माझी जीभच वळत नव्हती.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन चिपळूणजवळच्या त्या घरी गेले तेव्हा ते आयटीआय करत होते आणि दिवसभर काही ना काही उघडून बसलेले असायचे. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचा पंप. उघडलेलं सगळं पुन्हा चालू व्हायचं, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही अबुधाबीला आलो आणि काही वर्षांनी नवऱ्यानं त्यांनाही इकडे आणलं. दोनेक तासांवरच्या उम्म अल कुवैन या लहानशा अमिरातीच्या इंडस्ट्रियल एरियात पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते मेंटेनन्स बघायचे. बायको आणि मुलगी गावी. महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या खलिफा सिटीतल्या घरी यायचे, येताना तिकडची ताजी मासळी आणायचे, आणि मी ती नीट साफ करते की नाही यावर माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून देखरेख करायचे. मी पुण्याची, कोकणात सून म्हणून गेलेली, त्यामुळे मासळीच्या बाबतीत माझी लायकी त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकली होती. मला राग यायचा. मी तो तोंडावर दाखवायचेही, आणि ते हसून माझ्या हातातली सुरी काढून घ्यायचे.

त्या वर्षीच्या दिवाळीला ते कायमचे घरी जाणार होते. कंपनीला तसं सांगून झालं होतं, गावात सांगून झालं होतं, मुलीचं लग्न बोलणीत ठरलं होतं. त्यांची एकच हौस होती, जाणं व्यवस्थित व्हावं. ते मला एकदा म्हणाले होते की आखातातून निरोप घेऊन आलेला माणूस आणि काढून दिलेला माणूस गावाला दुरून ओळखू येतो. एकाच्या घरी लोक पेढे मागायला येतात आणि दुसऱ्याच्या घरावरून जाताना आवाज खाली करतात. मी तेव्हा म्हटलं होतं की तुमच्या गावाला दुसरा उद्योग नाही. ते म्हणाले, नाहीच आहे.

आता कबुतरांचं. कारखान्याची शेड उंच, पत्र्याची, दोन्ही बाजूंनी मोकळी. आत तुळयांवर कबुतरं बसायची आणि खाली रचलेल्या खोक्यांवर घाण करायची. खोके खाण्याच्या वस्तूंसाठीचे, त्यामुळे एका गिऱ्हाइकानं आख्खा माल परत पाठवला. मॅनेजर भाऊजींना म्हणाला, कुछ करो. भाऊजींनी जाळी लावली, चमकत्या पट्ट्या लावल्या, प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवलं. कबुतरं घुबडाच्या डोक्यावर बसली. हे त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. माझी लेक म्हणाली, "काका, युवर आउल नीड्स अ न्यू जॉब." आणि काका म्हणाले, बघतो, आता आपल्या पद्धतीनं बघतो.

आपली पद्धत म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिकडे वानरं येतात. केळी, फणस, शेवगा, कौलं, काही सोडत नाहीत. त्यांना हाकलायला घरोघरी एक पाइप असतो. त्यातून काही सुटत नाही, कुणाला लागत नाही, नुसता मोठा आवाज होतो आणि वानरं पळतात. तो कसा करतात ते मी इथे लिहिणार नाही. वकिलाच्या ऑफिसात काम करते, एवढी अक्कल मला आली आहे. शिवाय त्यानं पोरांचे डोळे गेल्याच्या बातम्या येतात आणि काही ठिकाणी त्याच्यावर आता बंदीही आली आहे म्हणतात. पण तेव्हा गावात तो पाइप कोयत्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. आणि त्याला सगळे म्हणायचे बंदूक.

हे नीट समजून घेणं जरूर आहे, कारण पुढचं सगळं यावरच गेलं. गावात खरी बंदूकही असते. जुनी, ठासणीची, शेताच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली, मोजक्या घरांत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तिला लोक म्हणतात ठासणीची, किंवा परवान्याची. म्हणजे विशेषण लागतं ते खऱ्या बंदुकीला. नुसती बंदूक म्हटलं की तो पाइप. "बंदूक कुठे ठेवलीस?" हे तिकडे "छत्री कुठे ठेवलीस?" इतक्या सहज विचारतात. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात परसातून हाक मारून सांगितलं होतं, बंदूक आण गं जरा, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

भाऊजींनी ती कारखान्यातल्या वर्कशॉपमध्ये केली आणि उडवायला शुक्रवार निवडला. कामगार सुट्टीवर, शेडमध्ये कुणी नाही, कुणी दचकायला नको, हा त्यामागचा सज्जन विचार. पण उम्म अल कुवैन मुळातच शांत, आणि शुक्रवारी दुपारी त्या भागात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आवाज किती लांब गेला असेल ते देवाला ठाऊक. कुणीतरी फोन केला. पोलिसांची गाडी आली. एक तरुण अधिकारी उतरला, त्यानं सलाम केला, शांतपणे विचारलं की आवाज कसला होता.

भाऊजींना त्यांच्या अरबीचा भारी अभिमान होता. शिकलेली नव्हे, कामावर वेचलेली मोडकीतोडकी अरबी, जी इथे सगळ्या जगाचे कामगार बोलतात. आमच्या घरी आले की लेकीला चिडवायचे, तू इथे जन्मलीस, शाळेत शिकलीस, आणि अरबी माझी चांगली. त्या दिवशी त्यांनी दुभाषा वगैरे मागितला नाही. आतून पाइप आणून अधिकाऱ्यासमोर धरला आणि म्हणाले:

"हादा बंदूक. अना सव्वी. हक्क नफ्सी."

ही बंदूक. मी केली. माझ्यासाठी.

ही तीन वाक्यं पोलिसांची गाडी बघून धावत आलेल्या स्टोअरकीपरनं मला जशीच्या तशी सांगितली आणि मी घरच्या खुर्चीत बसल्या बसल्या कपाळावर हात मारला. भाऊजींच्या हिशेबानं प्रत्येक वाक्य त्यांना सोडवणारं होतं. बंदूक, म्हणजे काही विशेष नाही. मी केली, म्हणजे चोरून आणली नाही. माझ्यासाठी, म्हणजे कुणाला विकायला नाही, कुणाच्या हातात द्यायला नाही. यात पोलिसांनी काळजी करावी असं काय राहिलं? म्हणूनच तर चहा विचारला.

आणि बंदूक हा शब्द आपल्याकडे आला तो या लोकांकडूनच. तो त्यांच्या बोलीत अजून आहे, आणि त्याचा अर्थ एकच आहे. दुसऱ्या कुठल्याही भाषेत भाऊजी बोलले असते तर निदान भाषांतर करणारा एक माणूस मध्ये आला असता, त्यानं दोन प्रश्न विचारले असते. या एका शब्दाला मध्ये कुणी लागलंच नाही.

त्या संध्याकाळी नवरा घरी येरझाऱ्या घालत होता. भीती वाटली की त्याला राग येतो, लग्नापासून बघते आहे. पोलिसांवर रागावला, मॅनेजरवर रागावला, कबुतरांवरही रागावला. मग फोन घेऊन इंटरनेटवर बसला आणि थोड्या वेळानं त्याचा चेहरा उजळला. "हे बघ, क्लिअर लिहिलंय. पर्सनल यूजसाठी स्वतः बनवली तर लायसन्ससुद्धा लागत नाही. विकायची नाही, बस. त्यानं एक्झॅक्टली हेच सांगितलंय ना पोलिसांना?"

लेक त्याच्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स अमेरिका."

त्यानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. पंचवीस-तीस वर्षं या देशात काढली, इथले रस्त्याचे नियम पाठ, व्हिसाचे नियम पाठ, आणि भावावर वेळ आली तेव्हा हा माणूस अमेरिकेचा कायदा वाचत बसला होता. मी तसं बोलले. तेव्हा तो म्हणाला, मग आपल्याकडे तरी काय आहे? मी सांगितलं, आपल्याकडेही घरी बंदूक करायची मुभा कुणाला नाही, स्वतःसाठी काय आणि दुसऱ्यासाठी काय. तुमच्या गावात ज्याला कुणी हटकत नाही तो पाइप आहे, कायदा नाही. मग आम्ही दोघंही न जेवता उठलो.

मी एका वकिलांच्या फर्ममध्ये ऑफिस सांभाळते. वकील नाही, पण इतकी वर्षं फायली हाताळल्यावर कुठली फाइल वाईट आहे ते उघडल्या उघडल्या कळतं. आमचे मोठे वकील सुदानी आहेत, वयस्क, मऊ बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि वकील अडवत नाही तेव्हा समजायचं की गोष्ट वाईट आहे.

मग त्यांनी मला कायदा समजावला. इथे शस्त्र बनवणं, जोडणं, दुरुस्त करणं, बाळगणं, आणणं, देणं, या प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो, आणि बनवायचा परवाना तुमच्या-माझ्यासारख्याला मिळायची गोष्टच नाही. स्वतःसाठी बनवलं ही सवलत त्या कायद्यात कुठे नाही. उलट स्वतःसाठी म्हटलं की वस्तू तुमची, ताबा तुमचा, हे तुम्हीच सांगून मोकळे झालात. शिवाय त्याच कायद्यात स्फोटकं येतात, फटाकेसुद्धा येतात. परक्या माणसाला शिक्षा झाली तर कैदेनंतर देशाबाहेर, आणि मग परत यायचं नाव नाही. हे सगळं ते एखाद्या आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात बोलले.

पण एक जागा आहे, ते म्हणाले. तज्ज्ञ ती वस्तू तपासतील आणि म्हणतील की यातून गोळी सुटत नाही. मग प्रश्न उरेल तो मनात काय होतं याचा. शस्त्र करतोय असं समजून केलं, की पक्षी उडवायचं आवाजाचं साधन म्हणून केलं? सरकारी वकिलांसमोर त्यांची पुन्हा चौकशी होईल, या वेळी हिंदी-उर्दू जाणणारा दुभाषा असेल. तिथे ते काय बोलतात यावर पुष्कळ आहे. पोलिसांसमोर मोडक्या अरबीत बोललो, शब्द चुकला, असं म्हणता येईल. पण पुन्हा तोच शब्द तोंडातून गेला तर मग खलास. मग त्यांनी विचारलं, या वस्तूला तुमच्या भाषेत दुसरं नाव नाही?

मी म्हटलं, आहे ना. भरपूर आहेत. मराठी भाषेचा अपमान सहन होत नसल्यासारखी बोलले मी.

घरी येऊन नवरा आणि मी दुसरं नाव शोधायला बसलो. तोफ म्हणावं तर आगीतून फुफाट्यात. बार म्हणावं तर हिंदीत त्याचा अर्थ भलताच, दारूचा गुत्ता निघेल. फटाका म्हणावं तर फटाकेही त्याच कायद्यात. नळी म्हटलं तर बंदुकीचीच नळी म्हणतील. नुसता पाइप म्हटलं तर विचारतील, पाइप कशाचा, कशासाठी, आणि भाऊजी खुलासा करायला लागले की थांबत नाहीत, हे आम्हाला दोघांनाही माहीत. इतकं साहित्य असलेली आपली भाषा, आणि एका पाइपासाठी तिच्यात साधा निरुपद्रवी शब्द सापडेना. नवरा म्हणाला, गिरणीचा असतो तो काय, भोंगा. मोठा आवाज करतो, कुणाला लागत नाही, कुणाला इजा नाही. मला तो एकदम पटला. भोंगा. शब्द ऐकूनच हसू येतं, भीती वाटत नाही. आणि खोटंही नव्हतं ते. त्या वस्तूचं काम भोंग्याचंच होतं.

भाऊजींना कोठडीतून घरी फोन करता यायचा. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज ठीक होता. लोक बरे आहेत, जेवण वेळेवर देतात, खोलीत एक बंगाली आहे तो फार छान गातो, हे आधी सांगून झालं. मी मध्येच तोडलं. "भाऊजी, माझं नीट ऐका. आता विचारलं की बंदूक म्हणायचं नाही. भोंगा म्हणायचं. पक्षी उडवायचा भोंगा. समजलं?"

ते हसले. म्हणाले, भोंगा तर गिरणीचा असतो, वहिनी.

मी म्हटलं, यापुढे कबुतरांचाही असतो. तुम्ही फक्त तो शब्द उच्चारायचा नाही. माझा आवाज चढला होता, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं. ते गंभीर झाले. त्यांनी शब्द दिला. मुलीचं लग्न आहे, वहिनी, मला कळतंय, असं म्हणाले. आणि मला माहीत होतं की ते दिलेला शब्द पाळतात.

चौकशी झाली त्या दिवशी आम्हाला आत जायला परवानगी नव्हती. वकील परत आले ते थेट त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ मला बोलावलं नाही. मग बोलावलं आणि एवढंच सांगितलं की कागदावर पुन्हा बंदूक आली आहे. या वेळी दुभाषा असताना, नीट, त्यांच्या स्वतःच्या तोंडून. मी म्हटलं, शक्य नाही. ते म्हणाले, मी तिथे बसलो होतो.

मला भाऊजींचा इतका राग आला की त्यांचा फोन आला असता तर मी काय बोलले असते सांगता येत नाही. नवरा तर भिंतीवर हात आपटून म्हणाला की लहानपणापासून हा असाच, सांगितलेलं एक ऐकत नाही. आम्ही त्या माणसाला घरी बसून भरपूर बोललो. तो आत होता, त्याच्यावर काय बेतणार हे ठरून गेलं होतं, आणि आम्ही त्याला नावं ठेवत होतो.

निकाल लागला तो तज्ज्ञांच्या म्हणण्यासकट लागला. गोळी सुटणारं शस्त्र नाही, हे धरलं गेलं. पण परवान्याशिवाय स्फोट घडवणारी वस्तू केली, ती शस्त्र समजून केली, स्वतः तसं दोनदा सांगितलं. काही महिने कैद आणि नंतर देशाबाहेर. वकील म्हणाले, यापेक्षा पुष्कळ वाईट होऊ शकलं असतं, अल्हम्दुलिल्ला म्हणा. मला म्हणवलं नाही. कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं, कारण चिडावं असं कुणी वागलंच नव्हतं. पोलीस नीट वागले होते, कोर्टानं सगळं ऐकून घेतलं होतं, मॅनेजरनंही येऊन सांगितलं होतं की पक्ष्यांचं काम मीच दिलं होतं. कायदा होता, तो मोडला होता. आणि तरीही आमच्या घरचा एक साधा माणूस एका शब्दावर पाय घसरून आत गेला होता.

भेटीला गेलो तेव्हा मध्ये काच होती आणि दोन्ही बाजूंना फोन. भाऊजी वाळले होते. नवऱ्याला बोलवेना, म्हणून फोन मी घेतला आणि पहिलंच विचारलं ते हेच, की शब्द दिला होतात ना?

दिला होता आणि पाळलाही होता, ते म्हणाले. मी भोंगाच म्हटलं, वहिनी. दोनदा म्हटलं. दुभाषा पाकिस्तानचा, पंजाबी. त्याला भोंगा माहीत नाही. त्यांच्यात बोंगा म्हणजे बावळट. त्याला वाटलं मी त्यालाच शिवी दिली. एकदम लाल झाला, म्हणाला, बोंगा किसको बोलता है? समोर साहेब बसलेले, वकील बसलेले. मी घाबरलो. म्हटलं हा माणूस रागावला तर माझं बोलणंच नीट पोचवणार नाही.

मग काय म्हणालात, मी विचारलं. मला ते ऐकायच्या आधी कळलं होतं.

"मी त्याला समजावलं. म्हटलं, नहीं भाईसाब, आपको नहीं बोला. भोंगा मतलब बंदूक."

ते काचेपलीकडून माझ्याकडे बघत होते, आपण बरोबर केलं ना असं विचारत असल्यासारखे. त्या माणसाला दुसऱ्याचा गैरसमज सहन होत नाही, अगदी स्वतः आरोपीच्या खुर्चीत बसलेला असतानाही होत नाही. मी त्यांना बरोबर केलंत असं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? मग नवऱ्याला फोन दिला आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

शिक्षा संपली आणि त्यांना तिथूनच विमानतळावर नेलं. निरोप नाही, फोटो नाही, आमच्याशीही उभ्या उभ्या बोलणं झालं नाही. सामान आम्ही नंतर कार्गोनं पाठवलं. त्यात घुबडसुद्धा होतं. स्टोअरकीपरनं आठवण म्हणून बांधून दिलं होतं.

मला वाटत होतं की आता निदान संपलं. गावी बायको आहे, घर आहे, आणि गावाला हे प्रकरण सांगितलं की लोक हसतील, हळहळतील आणि सोडून देतील. ज्या गावात घरोघरी तोच पाइप भिंतीला टेकलेला, तिथे समजावून सांगायला काय लागतं?

पण झालं नेमकं उलटं. लोकांनी विचारलं, काय झालं, का पाठवलं? भाऊजींनी सगळं खरं सांगितलं. बंदूक केली म्हणून. लोकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन म्हणाले, काहीतरी दडवतोय. बंदुकीसाठी कुणी माणसाला तुरुंगात टाकतं का? बाजारात मिळते, पोरं उडवतात. इतक्या वर्षांची नोकरी, नावाजलेला माणूस, त्याला काय पाइपसाठी हाकलतील? मग एकानं म्हटलं सोनं असेल. दुसरा म्हणाला कंपनीत हात मारला असेल. तिसऱ्यानं बाईचं काढलं, आणि ते सगळ्यांना जास्त आवडलं. भाऊजी जितक्यांदा खरं सांगत गेले तितका लोकांचा संशय पक्का होत गेला. माणूस एकच गोष्ट न बदलता सांगतो म्हणजे पाठ करून आला आहे, असंही कुणी म्हणालं म्हणे.

मुलीच्या सासरच्यांनी आधी तारीख पुढे ढकलली. मग कुणातरी पाहुण्यामार्फत निरोप आला की पत्रिकेत काही अडतंय. पत्रिका त्यांनीच दोन वर्षांपूर्वी जुळवून आनंदानं परत केली होती. नवऱ्यानं इथून त्यांना फोन केला, सगळं सांगितलं, कोर्टाच्या कागदाचं भाषांतर पाठवतो म्हणाला. ते अतिशय नम्रपणे म्हणाले की त्याची काही गरज नाही, आमचा कुणावर अविश्वास नाही. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

भाऊजी आता बाहेर फारसे पडत नाहीत. मी फोन केला की पावसाचं बोलतात, पंप दुरुस्त केल्याचं सांगतात आणि बायकोकडे फोन देतात. माझी जाऊ मुळात कमी बोलणारी. इतकी वर्षं नवऱ्याशिवाय घर, सासूचं आजारपण, पोरीचं शिक्षण, सगळं तिनं एकटीनं काढलं आणि एका शब्दानं कधी तक्रार केली नाही. तिचा आपणहून फोन क्वचित येतो. परवा दुपारी आला. मी ऑफिसात होते. तिनं आधी माझ्या लेकीची चौकशी केली, उकाड्याची केली. ती घरातून बोलत नव्हती, वाऱ्याचा आवाज येत होता, बहुतेक परसात लांब जाऊन उभी होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही वकिलांच्या ऑफिसात आहात. तुम्हाला माहीत असणार. मी कुणाला बोलणार नाही, पोरीलाही नाही. ह्यांना पण विचारणार नाही. मला एकटीला तरी खरं सांगा. ह्यांनी तिकडे काय केलं?"

मी म्हटलं, "बंदूक केली गं. आपल्या घरात असते ना, तीच. आवाजाची."



"बरं," ती म्हणाली. "नसेल सांगायचं तर राहू दे."